वाटेतली फांदी

कुणी वाट अडवली की माझं डोकंच फिरतं, तुम्हाला माहीत आहे. परवा वाणगावच्या पूर्वेला दरीत चालायला गेलो होतो. वाट दाखवणारी पाड्यावरची सोमीबाई बरीच पुढे गेली होती. एका फाट्यावर डावीकडची वाट ताजी फांदी टाकून बंद केलेली. म्हटलं, हा कुणातरी रिसॉर्टवाल्याचा माज! फांदी भिरकावली आणि त्याच वाटेनं तावातावानं निघालो. वीस पावलांवर कडा. पायाखालची माती सुटली, करवंदीच्या जाळीला लटकलो. ओरडलो तशी सोमीबाई धावत आली, तिनं ओढून वर घेतलं.

"दादा, मागून येणारा चुकू नये म्हणून मी फांदी टाकलेली. दिसली नाय?"

"दिसली. मी काढली."

"का?"

भर सभेत मंत्र्यांना हाच प्रश्न विचारणारा मी, तळहातातले काटे उपटू लागलो.