फेलिक्स म्हणजे सुखी

नाही हो ताई, बरळणं नाही ते — दारातून ऐकलंत ना, आमचे हे शब्द चालवत होते! फेलिक्स, फेलीकिस, फेलीकी, फेलीकेम — लॅटिन. उभा जन्म शाळेत तेच शिकवलं ना यांनी. त्या अर्धांगाच्या झटक्यात सगळी भाषा धुऊन गेली, एवढं एक विशेषण तेवढं तोंडात राहिलं — काय म्हणता? हो, पाठांतर बंद करा म्हणाला होतात, मी हो पण म्हटलं होतं. केलं का बंद? नाही केलं. वाचा यावी म्हणून दिलेली तुमची ती कपाची, चावीची चित्रं दाखवते की रोज — बघतात नुसते, मख्खासारखे. मग मी हळूच म्हणते 'फेलिक्स', की पुढची रूपं धडाधड. मध्ये अडले की मी सांगते. मला कोण शिकवणार? मुलं शिकवणीला यायची तेव्हा स्वयंपाकघरातून ऐकायची मी, हातातली पोळी तव्यावर करपायची. फेलिक्स म्हणजे सुखी — पण ते मुळात झाडाचं विशेषण म्हणे, फळ धरतं ते झाड फेलिक्स, त्याच्याही मागे गेलं तर अंगावर पाजणं — मग भाग्यवान, मग सुखी. आणि तो, ती, ते — तिघांनाही रूप एकच, फेलिक्स. पुरुष सुखी, बाई सुखी, फरक नाही, असं मुलांना रंगवून सांगायचे. मला? मला कशाला सांगतील!

आता तुमच्यापासून काय लपवायचं — मुलीला फोनवर सांगते, बाबा सुधारतायत, तुझं नाव घेतात. थापा! माझंही नाव घेत नाहीत. पण आधी तरी कुठे घ्यायचे? जेवायला वाढलं तर 'हं', दिवा मालवला तर 'हं' — बाकी तोंड पुस्तकात. आता मी एक रूप म्हणते, ते एक म्हणतात. अख्ख्या संसारात एवढं बोललो नव्हतो आम्ही, ताई. खरं सांगू? बरे नाही झाले तरी चालेल मला. तुमच्या चित्रांनी वाचा आली, की पुन्हा त्या पुस्तकात जातील हो — हळू कशाला बोलू? त्यांना काय कळतंय —

काय? सगळं? बोलता येत नाही, पण कळतं — सगळं कळतं? मग हे आधी नाही सांगायचं मला!

अहो... इकडे बघा ना. फेलिक्स. म्हणा — फेलिक्स... फेलीकिस, मी सांगते ना... अहो, भिंतीकडे काय तोंड करताय? मी आपलं काहीतरी बोलले हो.

तुम्ही निघा ताई. चित्रं न्या ती. दार ओढून घ्या.