कदमदादाची चेन

तुम्ही कदमदादाला ओळखत नाही, म्हणून त्याचं सगळं ऐकून घेता. इथं आखातात, आमच्या सलमाबादच्या कामगार कॅम्पात तो रोज सांगायचा, "लेहच्या घाटात बर्फातून ट्रक काढलाय मी. घसरू नये म्हणून टायरला चेन बांधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

त्या वर्षी थंडीत आमचा ट्रेलर जॉर्डनला जायचा होता आणि तिकडच्या डोंगरात बर्फ पडलं होतं. साहेबांनी ड्रायव्हर म्हणून दादाला नेमलं, जोडीला मला.

निघायच्या आधी साहेब म्हणाले, "कदम, चेन बांधून दाखव."

चेनची जोडी एकच होती. दादाने ती पुढच्या दोन चाकांना बांधली आणि ऐटीत हात पुसले.

पठाण मेकॅनिक म्हणाला, "कदमभाई, गाडी को पीछेवाला चक्का धकेलता है."

"तो क्या हुआ? बर्फ तो सामने से आता है!"

साहेबांपुढे माझा कधी आवाज फुटत नाही. त्या दिवशी फुटला. "साहेब, दादा चालवणार असेल तर मी नाही जाणार. माझी आई वाट बघतेय गावाला."

"खलास," म्हणत साहेबांनी दादाकडून चावी काढून घेतली.

दादा आता इथंच जवळ बुदैया गावात पाण्याचा टँकर चालवतो. बर्फ त्याला भेटतं ते फक्त थर्मासात.