भूतान, मालदीव आणि कायमची जागा

इंटरव्ह्यूचं काय झालं विचारतोयस ना? ऐक.

दादरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राची कायम जागा निघाली होती. मी इतकी वर्षं तासांवर शिकवतेय, त्यामुळे घोडपदेवला घरी आई सकाळपासून नुसती आत-बाहेर करत होती.

निवड समितीच्या अध्यक्ष सरांनी विचारलं, "भूतान आणि मालदीव. देशाच्या उत्पन्नाच्या मानाने स्थिर भांडवलात कोण जास्त गुंतवतं?"

मी म्हटलं, "सर, एका वर्षाची टक्केवारी बघून फसायला होतं. देश एवढे छोटे, की इथे एक धरण किंवा तिथे एक विमानतळ बांधायला घेतला की आकडा उडी मारतो आणि काम संपलं की आपटतो. बरीच वर्षं बघावी लागतात."

"वा! किती सोपं केलंत!"

मला वाटलं, झालं आपलं काम.

मग सर आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, खरं सांगतो, एका सरांचं नाव आधीच ठरलंय. पण त्या सरांना हा भाग जमत नाही. तेवढा तुम्ही येऊन शिकवाल? तासांवर?"

जिन्यात बसून रडले रे मी.

काय म्हणालास? नाही म्हणायचं होतं?

सोमवारपासून जातेय.