वीतभर उंच

हाडांच्या डॉक्टरांकडे लेकीला मांडीवर घेऊन एक तरुण आई नंबराची वाट बघत होती. शेजारी साठीच्या दोन बायका बोलत होत्या. एकीच्या हातात काठी होती.

“हळू बस गं. दुखतंय का?”

“तू नको बाई एवढी गोड बोलूस. व्हॉलीबॉलच्या टीममध्ये कशी बोलायचीस?”

“तेव्हा तुझं तोंड बघवत नव्हतं मला. तुझा हात पोचू नये म्हणून मुद्दाम बॉल वीतभर उंच टाकायचे.”

“आणि तुझी जिरवायला मी तेवढी उंच उडायचे! म्हणून तर जिंकायचो.”

“आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चार पावलं चाललीस तरी पुष्कळ.”

“डॉक्टर आज काठीशिवाय चालवणार आहेत. मला नाही वाटत जमेल. घरात सगळे नुसते जपतात गं, तुझ्यासारखं कुणी डिवचत नाही. एकदा बोल ना पूर्वीसारखं.”

“आता जीभच वळत नाही.”

नर्सनं हाक मारली. काठीवाली अर्धवट उठली आणि परत बसली.

“राहू दे, म्हशी! तुझ्याच्यानं नाही व्हायचं.”

काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. भिंतीला हात लावत लावत ती दारापर्यंत पोचली आणि तिथून ओरडली,

“आणखी उंच टाक!”