मॅन्ग्रोव्ह मावळ्यांची नवी मॅनेजर

…आणि वर मलाच म्हणते, "प्रताप, बॅट खाली टाक!" मला! अहो, टीम कुणी काढली? मी. मॅन्ग्रोव्ह मावळे हे नाव कुणी ठेवलं? मी. टी-शर्टवर ढाल-तलवार कुणी छापून घेतली… बरं, तलवार उलटी छापली गेली, मूठ वर आणि टोक पोटाकडे, ते जाऊ दे, पण छापून कुणी घेतली? मीच ना? आणि काल आलेली ही बाई मला सांगते, बॅट खाली टाक! नाही, बाई चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही.

पण तुम्हाला आधी आमचं डार्विन सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या नकाशात अगदी वर, टोकाला, चहूकडे मॅन्ग्रोव्ह, म्हणजे आपली खारफुटी. इथं हौसेनं कुणी येत नाही, पीआरच्या, म्हणजे कायम राहायच्या परवानगीच्या पॉइंट्ससाठी येतात. मीही अॅडलेडला, मॉसन लेक्सला युनिव्हर्सिटी केली आणि "पॉइंट्स मिळाले की निघू" म्हणून इकडे आलो, हॉस्पिटलात आयटीला लागलो, आता मागच्या अंगणात लावलेल्या आंब्याला फळं धरतात, कुठला निघतोय! आणि मराठी माणसं किती? गणपतीच्या आरतीला झांजा जास्त आणि हात कमी. मेलबर्नच्या मंडळात म्हणे टीमसाठी ट्रायल्स होतात, सिलेक्शन कमिटी असते! आमच्याकडे श्वास चालू असला की सिलेक्शन. त्यातही तनय गॅस प्लँटवर, रोस्टर लागलं की थेट समुद्रात गायब. निनाद डेंटिस्ट, बोटांना जपणारा, बॉल आला की दोन्ही हात पाठीमागे!

तुम्ही म्हणाल, मग मराठी माणसांनी क्रिकेट सोडून बेसबॉल कशाला? अहो, क्रिकेटची ग्राउंड्स आधीच पंजाबी, केरळी, नेपाळी टीमनी धरलेली. आणि बेसबॉलवाल्यांच्या सोशल ग्रेडमध्ये, म्हणजे हौशी टीम खेळतात त्यात, एक जागा रिकामी. मी म्हटलं, घ्या! बेसबॉल म्हणजे काय हो, बॉल आला, हाणला, पळालो. यात शिकायचं काय?

दोन सीझन! दोन सीझन झाले, एक मॅच जिंकलो नाही. पहिल्याच मॅचला माझी बॅट बॉलला लागली, बरं का, चांगली खणखणीत लागली, मी पळालो, बॅट हातात घेऊन पळालो, कारण आपण लहानपणापासून कसे पळतो? आणि बेस जवळ आल्यावर काय केलं असेल? झेप घेतली, हात लांब केला आणि बॅट टेकवली! धूळ उडाली, गुडघा सोलला, मी वर बघतोय अंपायरकडे, आणि अंपायर बघतोय माझ्याकडे, म्हणतो, "What are ya doing, mate?" पाय लागायला पाहिजे म्हणे! बॅटला किंमतच नाही!

मग यंदा लीगचा सेक्रेटरी आला. इथली माणसं वाईट बातमी अशी देतात की वाटावं बक्षीस देतायत. म्हणाला, "तुम्ही लोक ग्रेट आहात, mate, तुमचे ते बटाट्याचे बर्गर, beautiful! पण यंदा एक तरी मॅच जिंका. नाहीतर टीम बंद, आणि तुमचे प्लेअर बाकीच्या टीमना वाटून टाकू. No worries, hey?" वाटून टाकणार! मावळे! तुम्हाला खरं सांगतो, आठवडाभर मी लोकांना "बंद करून परत चालू करा" सांगतो, इंग्लिशमध्ये. शनिवारी arvo, म्हणजे दुपारी, मला त्या ग्राउंडवर मराठीत बोंबलायला मिळतं. तेही गेलं तर राहिलं काय?

लगेच माझ्या घरी मंडळाची मीटिंग, मिसळीसकट, आणि ठराव काय? तर बाहेरून मॅनेजर आणायचा, आणि याच सीझनला जिंकायचं. सर्वानुमते! म्हणजे मीही हात वर केला हो, मला वाटलं मॅनेजर म्हणजे पाण्याच्या बाटल्या बघणारा! तर माझी बायको मिताली, ती हॉस्पिटलात फिजिओ आहे, ती म्हणाली, आमच्या आयसीयूत नवीन नर्स मॅनेजर आलीय, सुचित्रा, जळगावची, सॉफ्टबॉलला महाराष्ट्राकडून नॅशनल खेळलेली. आता सॉफ्टबॉल आणि बेसबॉल चुलत भावंडं! झालं, सगळे खूश. आणि आपल्याकडे माणूस आला की आधी काय? सत्कार! एक चेंडू टाकायच्या आत शाल-श्रीफळ. आता शाल घातलेल्या माणसाला उद्या काढणार कसं, सांगा ना? हा विचार कुणी केला नाही. बाईंनी शाल घातली, नारळ हातात घेतला, तोलून बघितला आणि भाषण काय केलं? एक वाक्य! "बॅट घेऊन पळणारा कोण आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. नाही, बाई चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही.

पण प्रॅक्टिस म्हणजे, तुम्हाला सांगतो, आयसीयूचा राउंड! आवाज चढवायचा नाही, हळू बोलायचं, आणि त्यानेच घाम फुटायचा. "निनाद, हात पुढे. तुला दुसरी बोटं मिळणार नाहीत, पण दुसरा बॉलही मिळणार नाही." "तनय, रोस्टर मला पाठव, तुझ्या मॅचेस मी ठरवते." आणि मला? "मार, टाक, पळ. मार, टाक, पळ." आंबेहळद लावून झोपायचो हो मी! मग बॅटिंगची ऑर्डर लावली. आजवर पहिली बॅटिंग कुणाची? माझी. का? बॅट माझी! हा नियम आहे, कुठल्याही गल्लीत विचारा. बाई म्हणाल्या, "प्रताप, तू नववा." म्हणजे शेवटचा, बेसबॉलला माणसं नऊच! मी म्हटलं, "ताई, दहावा नंबर नाहीये का?" तर म्हणतात, "असता तर दिला असता."

आणि नेमके त्याच आठवड्यात अण्णा आले पुण्याहून. माझे वडील. आयुष्यभर क्लब क्रिकेट, आणि एकच शिकवण: विकेट फेकायची नाही. समोरच्याने उडवली तर गोष्ट वेगळी, आपण होऊन? कधीच नाही! लहानपणी मी एकदा शॉट मारताना आउट झालो तर घरी येईपर्यंत बोलले नव्हते. आजवर मला जिंकताना त्यांनी एकदाही बघितलेलं नाही. मला वाटलं, एक… फक्त एक शॉट, अण्णांच्या समोर! बॉल त्या कुंपणापलीकडे, आणि अण्णा खुर्चीतून उठतील… एवढंच हो. माणसाने मागायचं तरी किती?

शनिवार आला. डोक्यावर टोपी, हातात थर्मास, अण्णा फोल्डिंगच्या खुर्चीवर. आणि काय सांगू, आम्ही खेळलो! निनादने चक्क कॅच घेतला आणि लगेच दहाही बोटं मोजली. शेवटच्या इनिंगला बरोबरी, आमची बॅटिंग, एक जण आउट, म्हणजे तिघं होईपर्यंत डाव चालू, तिसऱ्या बेसवर निनाद. तो घरच्या बेसवर पोचला की मॅच आमची. टीम वाचली! आणि बॅटिंगला कोण? नववा! मी!

मी ऐटीत निघालो. अण्णांकडे बघितलं. बाईंकडे मुद्दाम नाही बघितलं, कारण बाई गळ्यातली लॅनयार्ड, ती आयकार्डाची पट्टी, ओढत होत्या, आणि लॅनयार्ड ओढली म्हणजे बंट. बंट म्हणजे काय? बॅट आडवी धरायची, बॉल नुसता समोर पाडायचा, हळूच, आणि सगळे तो उचलायला धावले की तिसऱ्या बेसवरचा घरी. आणि आपण? आपण पहिल्या बेसवर पोचायच्या आत आउट! ठरवून! मी बघितलंच नाही तिकडे. तर बाईंनी टाइम मागितला आणि चालत माझ्यापर्यंत आल्या.

"प्रताप, बंट."

"ताई, वडील बघतायत."

"बघू देत."

"एकदा मारू दे ना! एकदाच!"

"आज तीनदा मारलंस. बॉलला लागलं का?" मग बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच आवाजात, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात ना, तसं, "तू आउट हो. बाकी मी बघते."

आउट हो! अहो, आजवर मला "आउट होऊ नकोस" एवढंच सांगितलंय सगळ्यांनी, आणि तरी मी झालोय! पहिल्यांदा कुणीतरी मला जमेल असं काम सांगितलं.

पिचरने टाकला. हात शिवशिवत होते, तुम्हाला सांगतो, दोन्ही हात! पण तिकडे निनाद सुटलेला, बोटं विसरून, डोळे मिटून… मी बॅट आडवी धरली. टक्. बॉल समोर दोन पावलांवर, जणू कुणी हाताने ठेवलाय. मी बॅट टाकली, हो, टाकली, आणि पळालो. पिचरने बॉल उचलला, बघितलं तर निनाद हातचा गेलेला, मग फेकला पहिल्या बेसवर. मी आउट. आणि इकडे निनाद पोटावर घसरत घरी!

जिंकलो! अहो, काय दंगा! तनय रडतोय, निनादला खांद्यावर घेतलाय, पलीकडच्या टीमचा कोच माझ्याकडे येऊन हात मिळवतोय, "Best bunt I've seen all year, mate!" बाईंनी लांबूनच एकदा मान हलवली. बाई चांगली आहे हो. खरंच चांगली आहे.

मी अण्णांकडे गेलो. घामाने निथळतोय, छाती ही एवढी! अण्णा फोनवर होते, पुण्याला, आईशी.

"हो हो, जिंकले! अगं, फार सुंदर खेळली पोरं… आपला ना?" आणि आवाज एकदम खाली, "आपला झाला आउट. मारलाच नाही गं, नुसती बॅट लावली आणि विकेट फेकली. पण बाकीच्यांनी सांभाळून घेतलं बघ… घे, हा आलाच, बोल त्याच्याशी."

मी फोन घेतला. आई म्हणाली, "असू दे रे बाळा. होतं असं एखाद्या दिवशी. मनाला लावून घेऊ नकोस."

आता काय सांगणार? मी म्हटलं, "नाही लावून घेत, आई."