जलालभाईंच्या भाषांतरातली एक चूक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मित्रमंडळाचा भार गेली सहा वर्षं हसतमुखानं वाहणारे श्री. विजयकुमार सबनीस, व्यासपीठावर बसलेले आणि अर्थातच अवघडलेले आजचे सत्कारमूर्ती जनाब जलाल उंड्रे, त्यांच्या शेजारी आबिदाभाभी, समोर पहिल्या रांगेत मैत्रिणींच्या घोळक्यात बसलेली त्यांची कन्या अरवा, दम्माम, खोबर आणि थेट जुबैलहून उन्हातान्हात आलेले माझे मराठी बंधुभगिनी आणि बालमित्रहो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी, डॉक्टर सत्यजित चौबळ, लहान मुलांचा डॉक्टर. मुलांशी बोलायची सवय असल्यामुळे मोठ्यांसमोर माझी थोडी पंचाईत होते. तेव्हा काही पुढंमागं झालं तर अध्यक्षांनी टेबलावर पेन वाजवावं, मी थांबेन.

जलालभाई मूळचे रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्याचे. चौदा वर्षांपूर्वी ते इथं सौदीत आले आणि आमच्या इस्पितळात कारकून म्हणून लागले. कागदोपत्री ते आजही कारकूनच आहेत. प्रत्यक्षात त्यांनी काय केलं हे या सभागृहात कुणाला सांगायला हवं का? तुमच्यापैकी कितीजणांच्या इकाम्याचे, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचे, कागद या गृहस्थांनी पासपोर्ट कचेरीच्या रांगेत उभं राहून करून आणले, त्यांनी हात वर करा म्हटलं तर माझा हात पहिला वर जाईल. शिवाय ते इस्पितळाचे दुभाषे. अरबी, उर्दू, इंग्रजी, मराठी, आणि केरळच्या परिचारिकांशी कामापुरतं मल्याळम. वाळवंटातल्या एखाद्या बद्दू आजीबाईनं पोटात काय होतंय ते दहा मिनिटं सांगावं आणि जलालभाईंनी मला दोन वाक्यांत तिचं दुखणं सांगावं, हे मी अकरा वर्षं पाहत आलो.

मला त्यांनी बजावलं आहे, "डॉक्टर, माझ्या अरबीबद्दल दोन शब्द बोला आणि बसा." त्यांच्या अरबीबद्दल बोलून झालं. आता बसायला हवं. पण मंडळी, मी आणखी थोडा वेळ घेणार आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये कुवेतचं ते सगळं घडलं आणि आपल्याकडे परदेशी माणसांची रीघ लागली, हे आपण पाहिलंच. आमच्याकडे सप्टेंबरात वेल्सहून एक बाई आल्या, सिस्टर प्रिचर्ड. परिचारिकांना प्रशिक्षण द्यायला. पन्नाशीच्या, उंच, पायात पुरुषी बूट. या बाईंना कुतूहल फार. आणि ते कुतूहल नेमकं कुणाबद्दल? तर आमच्या इस्पितळातल्या पाकिस्तानी मंडळींबद्दल. ड्रायव्हर, वॉर्डबॉय, सफाईवाले मिळून पंचवीसएक जण होते. दुपारी कॅन्टीनमध्ये बाई वही उघडून बसायच्या, समोर अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर हाशम, आणि मध्ये दुभाषे म्हणून जलालभाई.

हाशम पंजाबातल्या चकवालचा. सहा फुटांचा, मिशा झुपकेदार, स्वभाव मात्र लाजाळू. बाई विचारायच्या, तुम्ही दहा जण एका खोलीत राहता, तर स्वयंपाक कोण करतं? तुमच्याकडे ट्रकवर एवढी चित्रं का काढतात? लग्नाआधी बायकोला पाहिलं होतं का? तिकडे त्यांचं सरकार नुकतंच बरखास्त झालं होतं आणि ऑक्टोबरात निवडणुका झाल्या. बाईंनी विचारलं, तुझ्या बायकोनं मत दिलं का? जलालभाईंनी उर्दूत विचारलं. हाशम मान खाली घालून म्हणाला, "दिया तो है. किसको दिया, ये बताती नहीं." बाई इतक्या हसल्या की त्यांना वही मिटून ठेवावी लागली.

आणि मंडळी, तेव्हा आपण हिंदुस्थानी लोक काय करत होतो? आपापला चहा घेऊन शेजारच्या टेबलावर बसून ऐकत होतो. निदान मी तरी. अकरा वर्षं मी या माणसांबरोबर काम केलं. त्यांच्या क्रिकेट संघातले अकराही खेळाडू मला पाठ. पण हाशम सकाळी काय खातो, त्याच्या घरी किती माणसं आहेत, हे मला वेल्सच्या एका बाईमुळे कळलं. आपण का नव्हतं विचारलं? मला वाटायचं, विचारलं तर त्याला वाटेल हा हिंदुस्थानी काहीतरी काढून घेतोय. त्यालाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार.

जानेवारीत लढाई सुरू झाली. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावणं, विषारी वायूपासून वाचायच्या मुखवट्यांसाठी धावाधाव, बायकामुलांना घरी पाठवणं, हे सगळं आपण भोगलं आहे, मी उगाळत नाही. त्या दिवसांत जलालभाई रोज पासपोर्ट कचेरीत असत, घरी जाणाऱ्या कुटुंबांचे कागद घेऊन. अशाच एका दुपारी सिस्टर प्रिचर्ड कॅन्टीनमध्ये हाशमसमोर बसल्या होत्या आणि दुभाषा नव्हता. त्यांनी मला हाक मारली, "डॉक्टर, तुम्ही मदत कराल?" मी आनंदानं गेलो.

बाईंनी विचारलं, "घरून पत्रं येतात का? वडिलांची तब्येत कशी आहे?"

मी हाशमकडे वळलो आणि म्हणालो, "मेमसाब पूछती हैं, तुम्हारे घरवाले किसकी तरफ हैं? सद्दामकी या इधरकी?"

अध्यक्षमहाराज, पेन वाजवायची वेळ झालेली नाही, पण वाजवावंसं वाटलं तर मी समजू शकतो.

तो प्रश्न माझा होता. पाच महिने मनात घोळत होता. आपल्याकडे घरून पंधरा दिवसांनी शिळी वर्तमानपत्रं यायची, त्यांत छापलेलं असायचं की पाकिस्ताननं सौदीच्या रक्षणाला फौज पाठवली आहे आणि त्याच पाकिस्तानात सद्दामच्या बाजूनं मोर्चे निघताहेत. मला जाणून घ्यायचं होतं की एका घरात हे कसं काय चालतं. माझ्या तोंडानं विचारायची हिंमत नव्हती, म्हणून बाईंच्या तोंडानं विचारलं.

हाशम हसला. त्याला वाटलं, बाई विचारताहेत, मग काय. म्हणाला, "भाई मेरा तबूक में पहरा दे रहा है. और अब्बा चकवाल के बाजार में सद्दाम का फोटो लेके जुलूस में गए थे. अम्मी दोनों को कोसती हैं."

भाऊ पाकिस्तानी फौजेतला, तबूकला सौदीच्या सरहद्दीवर. मी ते शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. हाशम गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मी फक्त वडिलांची तब्येत विचारली होती. त्यानं एवढं सगळं का सांगितलं?"

मी म्हणालो, "हे लोक असेच बोलतात."

हे वाक्य मी आज चार महिन्यांनी पहिल्यांदा उच्चारतो आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेचारला भोंगा झाला. सगळे तळघराकडे धावले आणि बाईंची वही कॅन्टीनच्या टेबलावर राहिली. परत आल्यावर ती तिथं नव्हती. कुणी नेली ते आजतागायत कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आमच्या व्यवस्थापकांच्या, म्हणजे मुदीरसाहेबांच्या टेबलावर होती. वहीत हाशमचं नाव होतं, हुद्दा होता, गाव होतं, बापाच्या हातातल्या सद्दामच्या फोटोचा उल्लेख होता. त्या दिवसांत या देशात असल्या फोटोचा अर्थ काय होत होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. हाशमचा इकामा काढून घेतला आणि त्याला खोलीतच थांबायला सांगितलं.

वहीत दुभाष्याचं नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, दुभाष्यामार्फत. इस्पितळात दुभाषा एकच, म्हणून मुदीरसाहेबांनी जलालभाईंना बोलावणं धाडलं. जलालभाई तिकडे जाण्याआधी माझ्या ओपीडीत आले आणि दार लावून घेतलं.

"डॉक्टर, परवा कॅन्टीनमध्ये दुभाषा कोण होता?"

"मी."

"सिस्टरनं काय विचारलं होतं?"

मी सांगितलं. मी काय विचारलं तेही सांगितलं.

"मी जाऊन खरं सांगतो," मी म्हणालो. मंडळी, ते मी अशा आवाजात म्हणालो की हा माणूस जाणार नाही, हे कुणालाही कळलं असतं.

जलालभाई म्हणाले, "तुम्ही गेलात तर दोघं जाल. लढाई चालू असताना हिंदुस्थानी विचारतो आणि पाकिस्तानी सांगतो, म्हटल्यावर त्या साध्या गप्पा राहत नाहीत. मी गेलो तर ती भाषांतराची चूक होते. चुकीला ते तुरुंगात टाकत नाहीत."

"मग मी तुमच्याबरोबर येतो."

"तुमचे पेशंट बाहेर बसलेत," असं म्हणून ते गेले. आणि मी पेशंट तपासले.

मुदीरसाहेबांना त्यांनी सांगितलं, "दुभाषा मी होतो. हाशमचा बाप निवडणुकीच्या मिरवणुकीत गेला होता, हातात उमेदवाराचा फोटो होता, माझी ऐकण्यात गफलत झाली. ज्याचा भाऊ तुमच्या सरहद्दीवर पहारा देतो, त्याच्या बापाबद्दल मी असं बोललो याची मला शरम वाटते." हाशमला त्याच दिवशी इकामा परत मिळाला. त्याला किंवा सिस्टर प्रिचर्डना कुणी काही विचारलं नाही; पुढच्या आठवड्यात सिस्टरना रियाधला हलवलं.

जलालभाईंना तेव्हा कुणी काही बोललं नाही. मार्चमध्ये, लढाई संपल्यावर, त्यांच्या हातात पत्र पडलं की जूनअखेर तुमचा करार संपतो आहे आणि इस्पितळ तो वाढवू इच्छित नाही. अशा नाजूक बाबतीत चुकणारा दुभाषा त्यांना नको होता.

निमंत्रणपत्रिकेवर आपण छापलं आहे की जलालभाई स्वेच्छेनं मायदेशी परतत आहेत. तो मजकूर मीच तपासून दिला होता.

गेल्या महिन्यात मी मुदीरसाहेबांकडे गेलो. उशिरा का होईना, गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी मला कहवा पाजला आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, लढाई संपली. ज्या कागदावर सही झाली तो कागद खलास. तुम्ही मुलांचे चांगले डॉक्टर आहात, कामाला लागा." मला साधी ताकीदही मिळाली नाही.

तिथून मी जलालभाईंच्या घरी गेलो. बैठकीत खोकी बांधायचं काम चाललं होतं. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी माझ्या हातात सुतळी दिली, म्हणाले, "धरा हे." खोकं बांधून झाल्यावर म्हणाले, "मला अरवाची दहावी होईपर्यंत राहायचं होतं. एक वर्ष. तेवढंच गेलं. त्याचं मोठं काही करू नका."

आबिदाभाभी आतून म्हणाल्या, "एक वर्ष म्हणजे तेवढंच नाही." आणि त्यांनी मला जेवायला थांबवलं नाही. भाभी, त्या दिवशी तुम्ही थांबवलं असतं तर मला जास्त जड गेलं असतं.

अरवा, बेटा, नवी शाळा, नवी पुस्तकं, मराठीचा वेगळा पेपर, हे सगळं तुला ज्या कारणानं करावं लागणार आहे, ते कारण आज तू ऐकलंस. तुझ्या अब्बांनी ते तुला सांगितलं नसणार.

जलालभाई, तुमचं ऐकलं नाही, याबद्दल तुमचा राग मी सोसेन.

एक राहिलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर हाशम बसला आहे. जलालभाईंनी त्याला बोलावलं, म्हणून आला. उद्या दहरानच्या विमानतळावर उंड्रे कुटुंबाला तोच सोडणार आहे. मघापासून माझ्या तोंडी त्याचं नाव आणि एखाददुसरं हिंदी वाक्य येतंय, तेवढंच त्याला कळतंय, आणि दर वेळी तो मान हलवून मला सलाम करतोय. त्याला अजून वाटतं की तो प्रश्न मेमसाबचा होता आणि चूक त्याच्या स्वतःच्या बोलण्याची. हा कार्यक्रम संपला की चहाच्या आधी मी त्याच्या शेजारी जाऊन बसणार आहे आणि हे सगळं त्याला हिंदीत सांगणार आहे. आधी तुम्हाला सांगितलं, कारण मराठीत सांगणं मला सोपं होतं.

अध्यक्षांनी पेन हातात घेऊनही वाजवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. मंडळानं मला बोलायची संधी दिली आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. उंड्रे कुटुंबाचा प्रवास सुखाचा होवो. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं ते पोटात घालावं. बाकीची माफी मागायला मी आता मागच्या रांगेकडे जातो.