भरमाच्या विहिरीचं पाणी

—न्हाय, न्हाय, देवाप्पा हितं न्हाय. खोलीत बगा पाहिजे तर, परसात बगा—मी हाय, माग हाय, दुसरं कोण न्हाय. आमचे मालक शहापूरला साड्या द्यायला गेल्यात. बसा. जरा इकडं सरकून बसा, तिकडं मागाचा खड्डा हाय, पाय जाईल. तुमास्नी मी ओळखलं की! त्र्याऐंशी साली माझ्या बाच्या घरी जांबोटीला जेवाय आलेल्या मंडळीत तुमी हुता. खर्डा खाऊन डोळं पुसत हुता—व्हय का न्हाय? मग. आणि आता तीन वर्सांनी आलाय, देवाप्पाला न्यायला.

विभागाचा अध्यक्ष करणार म्हणता त्येला? आमच्या घरात ह्यो 'विभाग' शबुद लई झिजलाय बगा. देवाप्पा माझा धाकटा दीर—मी लगीन होऊन आले तवा एवढासा हुता, मीच न्हाऊ घातलंय त्येला—शिकला, मुंबईला अणूच्या कामाला लागला, आणि एक दिस येऊन सांगतो, 'वैनी, आमच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेतल्या एका विभागाचा मी सचिव झालो.' कसला विभाग रं? तर अणुभट्टीचं इंधन आणि त्येचा कचरा. आमचे मालक एवढं हसले—'घराण्यातला पयला इंजिनेर, आणि कचऱ्याचा सचिव!' देवाप्पापण हसला. मग मला समजावून सांगितलं—त्यो कचरा जाळून जळत न्हाय, पुरून कुजत न्हाय, काचंत वितळवून कोंडायचा, खोल खडकात ठेवायचा, आणि आपली पतवंडं, त्यांची पतवंडं मातीत गेली तरी त्येची राखण करत ऱ्हायचं. एवढी राखण कोण करणार रं बाबा, म्हटलं मी. तर म्हणाला, 'त्यासाठीच विभाग आहे, वैनी.' किती विश्वास त्येचा तुमच्यावर!

त्येनंच तुमची बैठक बेळगावात भरवली. बैठक झाली, आणि रान बघायला म्हणून तुमास्नी जांबोटीला नेलं. माझा बा—भरमा त्येचं नाव—मूळचा ह्याच वडगावातला विणकर, मी लहान असताना माग मोडला आणि तिकडं भातशेतीचा तुकडा घेऊन ऱ्हायला गेला. परका माणूस, पण गावानं आपला म्हटलं ते त्येच्या विहिरीपायी. आख्खी आळी तिच्यावर पाणी भरायची, ऐन उन्हाळ्यात आटायची न्हाय. बाला लई दिमाख तिचा. आणि तुमच्यातल्या एकानं जेवल्यावर उठून विहिरीच्या काठचा दगड हातोडीनं फोडला, भिंगातनं बघितला, खिशात टाकला. कशापायी? कशापायी न्हाय—सवय! दगडाचं शिक्षण झालेली माणसं जातील तिथं दगड फोडत्यात, असं देवाप्पा म्हणाला. पण गाव बघत हुतं न्हवं.

बाचा शेजारी मष्णू, तुमचं कचऱ्याचं बोलणं ऐकत बसलेला, त्येनं इचारलं—'अण्णा, ते तुमचं इख कुठं पुरणार?' देवाप्पा म्हणाला, 'अजून ठरलं नाही. कठीण खडक बघून.' 'मग आमचा खडक कठीण हाय?' आता साहेब, तिथं 'न्हाय' म्हणायला काय जातंय? पण ह्यो म्हणाला, 'आहे. पण असा खडक देशात पुष्कळ ठिकाणी आहे.' फुडचं वाक्य कुणी ऐकलंच न्हाय.

दिवाळी आली, त्या हातोडीवाल्यानं विहिरीत इखाची चाचणी करून बघितली असं गावात उठलं, आणि विहिरीवर घागर यायची थांबली. बायका लांब वढ्यावर जायला लागल्या. गाईला मेलेलं वासरू झालं—इखानं. कुणाच्या डोईचं केस गळलं—इखानं. बा एकटाच रहाट फिरवायचा, पाणी भरून काठावर ठेवायचा आणि वाटंनं जाणाऱ्यास्नी हाका मारायचा—'न्या गं, पाणी न्या.' बायका पदर तोंडाला लावून पळायच्या.

मी देवाप्पाला म्हटलं, येऊन सांग बाबा, हितं काय पुरणार न्हाय. एवढंच सांग. तर म्हणाला, 'वैनी, मला ठाऊक नाही ते मी कसं सांगू?' त्येनं तुमच्या विभागाकडं कागद मागितला. तुमी दिला—'जांबोटी येथे असा कोणताही प्रस्ताव सध्या नाही.' मष्णूनं चावडीत मोठ्यानं वाचला आणि 'सध्या'वर बोट ठेवलं. 'सध्या न्हाय म्हंजे मग हाय!' एका शबुदानं माझा बा नेला, साहेब. तुमी मारला असं न्हाय म्हणत मी—तुमी खरं तेच लिवलंतं, देवाप्पापण म्हणाला, खरंच आहे ते—पण माणसाला मरायला खरंपण पुरतंय बगा.

पावसात ताप भरला त्येला. कुणी डोकावलं न्हाय. आमी पोचलो तवा संपलं हुतं. खांद्याला माणसं न्हाईत. आमचे मालक, देवाप्पा, खानापूरच्या गाडीचा कंडक्टर—परका माणूस, टोपी काढून पुढं आला—आणि मी. व्हय, मी. बाईमाणसानं खांदा दिला. दारं लावून फटीतनं बघत हुतं गाव.

बाचं दिवसकार्य झालं आणि देवाप्पा मुंबईला गेलाच न्हाय. नोकरी सोडली. बाच्या घरात ऱ्हातोय, रस्त्यावरनं दिसंल असं अंगणात आंघोळ करतोय, त्येच पाणी पितोय, त्यातच भात शिजवतोय. कुणाला काय सांगत न्हाय. पितोय.

आणि मी हितं. मागावर बसले की दोऱ्या करकरत्यात आणि मला वाटतंय रहाटच फिरतोय. 'तारा, घागर आण गं'—अगदी बाचाच आवाज. मी उठते, घागर घेते, दारापतोर जाते, मग ध्यानात येतंय, ही वडगावची गल्ली. आमच्या मालकांनी तेल घातलं दोऱ्यांच्या कप्प्यांस्नी. आवाज थांबला. बा थांबला न्हाय. गेल्या शिमग्याला गेलते मी तिकडं. देवाप्पानं तांब्या भरून दिला. माझ्याच बाची विहीर, त्याच पाण्यावर वाढलेली मी—ओठापतोर नेला आणि तिथंच थांबला. देवाप्पावर इस्वास हाय, देवापेक्षा जास्त हाय, पण पाणी आत जाईना. हे कशाला सांगितलं मी तुमास्नी? घरातपण सांगितलं न्हाय. त्येनं बघितलं फकस्त. तांब्या घेतला माझ्या हातातनं आणि सोता प्याला.

न्हाय, न्हाय, तुमच्या संगती मी येणार न्हाय त्येला समजवायला. का? ऐका. ह्या उन्हाळ्यात वढा आटला. मष्णूची सून यल्लव्वा, पोटुशी हाय, भर दुपारची आली घागर घेऊन. सासरा वरडतोय मागनं, आणि तिनं वाकून रहाट धरला. देवाप्पानं हात लावला न्हाय, नुसता बाजूला झाला. तिनं भरली, तिथंच उभं ऱ्हाऊन वंजळीनं प्याली आणि गेली. दुसऱ्या दिशी परत आली. बाकीच्या बायका कुंपणापतोर येऊन उभ्या ऱ्हात्यात आता—बगत्यात तिच्या पोटाकडं. तिचं बाळंतपण व्हायचंय अजून. आणि तुमी त्येला मुंबईच्या खुर्चीवर बसवायला नेणार? त्यो उठून गेला तर गाव काय म्हणंल—पळाला! त्या पोरीची घागर कोण वतून टाकंल, ठाऊक हाय?

तिचं धडधाकट पोर रडलं म्हंजे कळंल गावाला. आणि न्हाईच रडलं तर... गप. गप बसा. तसलं काय बोलू नका माझ्या घरात.

काय इचारताय? जांबोटीची गाडी? मला ठाऊक न्हाय. उठा. स्टँड सरळ हाय, मुंबईची गाडी धरा. जावा म्हटलं न्हवं—जावा.